फळ्यापासून पडद्यापर्यंत : आपले शिक्षक नवी साधने कशी शिकले

स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा विषय मनात तयारच होता. १९८६ साली दहावी झालेल्या आपल्या तुकडीला यंदा ४० वर्षे पूर्ण होत आहेत. शाळेचे मैदान, स्नेहसंमेलने, छड्या आणि खोड्या यांविषयी या अंकात भरपूर येईल. मला लिहायचे आहे ते आपल्या गुरुजनांच्या शिकण्याविषयी. ते आपल्याला शिकवत होते, हे आपण रोज पाहत होतो. पण त्याच काळात तेही काही नवे शिकत होते, हे बाकावर बसून कळण्यासारखे नव्हते. माझी सारी नोकरी शिक्षकांच्या प्रशिक्षणात गेली, म्हणून ही दुसरी बाजू मला थोडी जवळून पाहता आली.

शाळेत नवे साधन येते तेव्हा शिक्षकापुढे दोन प्रश्न असतात. पहिला, हे चालवायचे कसे? दुसरा, माझ्या विषयातल्या कोणत्या पाठात, कोणत्या टप्प्यावर, कशासाठी वापरायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आठवड्याभरात मिळते. दुसऱ्याला वर्षे लागतात. गेल्या पन्नास वर्षांत आपल्याकडच्या प्रशिक्षणांचा बराचसा भर पहिल्यावर राहिला. दुसऱ्याचे उत्तर शिक्षकांनी बहुतेक वेळा एकमेकांच्या मदतीने शोधले. तो इतिहास कुठे फारसा लिहिला जात नाही, म्हणून हा लेख.

डी.एड., बी.एड. केलेल्यांना पाठ टाचण आठवत असेल. उद्दिष्टे, विषयप्रवेश, आशय यांच्या रांगेत ‘शैक्षणिक साधने’ असा एक रकाना असे. सराव पाठाच्या दिवशी तो भरलेला असणे सक्तीचे. त्यामुळे तक्ते, प्रतिकृती, गुंडाळफळा असे सगळे वर्गात हजर होई. पुढे नोकरी लागली की त्याच रकान्यात ‘खडू, फळा, डस्टर’ एवढेच उरे. याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांची तासिका. नकाशा हवा तर कार्यालयात जायचे, नोंदवहीत सही करायची, तासानंतर परत करायचा आणि फाटला तर उत्तर द्यायचे. साधनापायी तासिकेतली दहा मिनिटे जाणार असतील आणि वर एक जबाबदारी अंगावर येणार असेल, तर शिक्षक ते तोलूनमापूनच वापरतो. हे तेव्हा खरे होते, आजही आहे.

आता आपल्या भूगोलाच्या बाईंचे उदाहरण घेतो. नववीच्या वर्षी मोसमी वाऱ्यांचा धडा सुरू होता. ‘इन्सॅट-१ बी’ हा उपग्रह १९८३ साली अवकाशात गेला होता आणि त्याने टिपलेली ढगांची चित्रे दूरदर्शनच्या बातम्यांत हवामानाच्या वेळी दाखवू लागले होते. शाळेत दूरदर्शन संच नव्हता, आणि असता तरी बातम्या रात्री लागत. बाईंनी आधी हात वर करायला लावून कोणाच्या घरी वा शेजारी संच आहे ते मोजले. मग प्रत्येक गटात असा एक जण तरी येईल अशी वर्गाची विभागणी केली. त्याने रात्री बातम्यांतले चित्र पाहायचे, पांढरे पट्टे भारताच्या कोऱ्या नकाशावर पेन्सिलीने काढायचे आणि सकाळी गटाला दाखवायचे. दहा-बारा दिवस हे चालले. मग एके दिवशी बाईंनी सगळे नकाशे तारखेच्या क्रमाने फळ्याखाली मांडले. केरळकडून वर सरकत आलेले ढग आपल्याच हातांनी काढलेले होते. ‘मोसमी वारे नैऋत्येकडून येतात’ हे पुस्तकातले वाक्य त्या दिवशी आपल्याला दिसले.

त्या काळातले सगळ्यात आधुनिक तंत्रज्ञान, म्हणजे उपग्रह, बाईंनी एक रुपयाही खर्च न करता वर्गात आणला. त्यांना हे कोणी शिकवले? पुढे मी त्यांना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की चित्रातले पांढरे पट्टे म्हणजे नक्की काय, हे त्यांनी मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या सरांकडून समजून घेतले. गट पाडण्याची कल्पना स्काऊट-गाईडच्या शिबिरातून आली. कोणता धडा केव्हा घ्यायचा, हे त्यांचे त्यांना माहीत होतेच. म्हणजे भूगोल, वर्ग सांभाळण्याची हातोटी आणि साधनाची समज, या तीन गोष्टी त्यांनी एकत्र आणल्या.

या तीन गोष्टींना अभ्यासकांनी नाव दिले ते नंतर. आपण दहावीला बसलो त्याच १९८६ साली अमेरिकेत ली शुलमन या शिक्षणतज्ज्ञांनी एक मुद्दा मांडला. विषयाचे ज्ञान वेगळे आणि शिकवण्याचे कौशल्य वेगळे. पण चांगल्या शिक्षकाकडे यांखेरीज तिसरे ज्ञान असते. हाच विषय या मुलांना कसा उकलून सांगावा, मुले कुठे अडतात, कोणते उदाहरण चालते, हे ते तिसरे ज्ञान. त्यानंतर वीस वर्षांनी, २००६ मध्ये, मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची भर घातली. नुसते यंत्र शिकवून भागत नाही. विषय, अध्यापन आणि यंत्र यांची सांगड घालण्याचे ज्ञान वेगळे असते आणि ते वर्गातल्या प्रत्यक्ष कामातूनच येते, असे त्यांचे सांगणे. जगभरच्या शिक्षक प्रशिक्षणात आज हा विचार शिकवला जातो. आपल्या बाई तो त्याच्या वीस वर्षे आधी जगत होत्या.

१९८६ सालचेच आणखी एक पुस्तक आहे, लॅरी क्यूबन यांचे ‘टीचर्स अँड मशीन्स’. १९२० पासून अमेरिकेतल्या वर्गांत चित्रपट, रेडिओ, दूरदर्शन आणि संगणक कसे आले, याचा तो इतिहास. त्यातला क्रम आपल्यालाही ओळखीचा वाटेल. आधी मोठमोठी आश्वासने, मग शाळांमधून वाटप, मग ‘वापर होत नाही’ असे अहवाल आणि शेवटी शिक्षकांवर ठपका. वापर का होत नाही, हे शिक्षकाला विचारण्याचे मात्र राहून जाते.

आपल्या देशातही हे चक्र फिरले, पण सुरुवात फार चांगली झाली होती. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ उपग्रहाच्या मदतीने ‘साइट’ हा दूरदर्शन शिक्षणाचा प्रयोग झाला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत संच बसवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता. सकाळी दीड तास मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास गावासाठी कार्यक्रम असत. त्याच वर्षात प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान अध्यापनाची बारा-बारा दिवसांची प्रशिक्षणे दोनदा झाली आणि दोन्हींत मिळून जवळपास ५० हजार शिक्षक सहभागी झाले. पद्धत अशी होती की दूरदर्शनवर कार्यक्रम पाहायचा, रेडिओवरचा भाग ऐकायचा, छापील साहित्य वाचायचे आणि मग केंद्रावरच्या मार्गदर्शकासोबत साध्या वस्तूंनी प्रयोग करून पाहायचे. पडदा हा त्यातला चौथा हिस्सा. उरलेला वेळ शिक्षकांनी हात चालवण्यात आणि आपसांत बोलण्यात घालवला. पुढची प्रशिक्षणे आखताना ही गोष्ट लक्षात ठेवली असती, तर बरेच काही वाचले असते.

आपल्या राज्यात १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. आपल्या धाकट्या भावंडांनी ते कार्यक्रम आवडीने पाहिले. अनेकांना त्याचे शीर्षकगीत आजही पाठ असेल. कार्यक्रम मराठीतले, इथल्या मुलांचे, इथल्या गावांचे. अडचण एकच होती, प्रक्षेपण शाळेच्या वेळापत्रकासाठी थांबत नसे. चौथीचा वर्ग अपूर्णांक शिकत असताना पडद्यावर परिसर अभ्यास लागे. संच असलाच तर मुख्याध्यापकांच्या खोलीत, कुलूपबंद पेटीत. ज्या शिक्षकांनी उपयोग करून घेतला, त्यांनी कार्यक्रम आधी कोणता येणार ते पाहून आपले धडे पुढे-मागे केले, किंवा घरी पाहून दुसऱ्या दिवशी त्यावर गप्पा घेतल्या. २०१७ मध्ये ही संस्था बंद झाली. इंटरनेटच्या काळात तिची गरज उरली नाही, असे काहींचे मत. मराठीत मुलांसाठी मन लावून काम करणारी अशी संस्था हातची गेली, असे माझे मत.

त्याच १९८४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ या प्रकल्पातून देशातल्या सुमारे २५० शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ संगणक दिले. प्रत्येक शाळेतल्या मोजक्या शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले. ज्याला मिळाले तो ‘संगणकाचा सर’ झाला. बाकीच्यांचा त्याच्याशी संबंध उरला नाही. संगणक हा शाळेत वेगळा विषय म्हणून आला, गणित किंवा भूगोल शिकवण्याचे साधन म्हणून नाही. ही वाट पुढे बरीच वर्षे तशीच राहिली.

मग आली १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली ‘खडू-फळा योजना’. प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा, नकाशे, तक्ते, खेळणी, विज्ञानपेटी असे आवश्यक साहित्य, ही तिची त्रिसूत्री. साहित्य शाळांत पोचले. नोकरीच्या सुरुवातीला मी शाळाभेटींना जाई, तेव्हा अनेक ठिकाणी विज्ञानपेटीचे सील शाबूत दिसे. कारण विचारले की गुरुजी म्हणत, ‘भिंग फुटलं तर भरून कोण देणार?’ लेखापरीक्षणाची भीती मुलांच्या कुतूहलापेक्षा मोठी ठरत होती. जिथे केंद्रप्रमुखांनी ‘फुटले तर फुटू द्या, मी लिहून देतो’ असे सांगितले, तिथे पेट्या उघडल्या. एवढ्या एका वाक्याने जे झाले ते दहा दिवसांच्या शिबिराने झाले नव्हते.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी संगणक सगळ्यांच्याच दारात आला. ‘एमएस-सीआयटी’ सुरू झाली आणि राज्य कर्मचाऱ्यांबरोबर शिक्षकांनाही संगणक अर्हता बंधनकारक झाली. मुदती पडल्या, वाढल्या, वेतनवाढीची टांगती तलवार राहिली. पन्नाशीतले गुरुजी संध्याकाळी आपल्याच माजी विद्यार्थ्याच्या संगणक केंद्रात जाऊन माऊस धरायला शिकले. त्यांच्यातल्या अनेकांना त्याचा संकोच वाटला, पण शिकले. उपयोग झालाच, भीती गेली. मात्र त्या अभ्यासक्रमाने त्यांना पत्र टाइप करायला, तक्ता बनवायला शिकवले. आठवीच्या बीजगणितात संगणक कुठे लागतो, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा होता.

२००४ च्या अखेरीस केंद्राची ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ योजना आली. माध्यमिक शाळांत संगणक कक्ष उभे राहिले. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी कंपनीने संगणक बसवायचे, पाच वर्षे चालवायचे, निदेशकही तिनेच नेमायचा, अशी व्यवस्था होती. चपला दाराबाहेर काढून आत जायचे, पडद्यांवर आच्छादने, किल्ली एकाकडेच. निदेशक तरुण आणि हुशार, पण कंत्राटी. पाच वर्षे संपली की तो गेला आणि खोली बंद पडली. इतिहासाच्या बाई, गणिताचे सर यांनी त्या खोलीत पाऊल ठेवावे, अशी रचनाच नव्हती. आणि तरीही पुढे अहवालात लिहिले गेले की शिक्षक तंत्रज्ञान वापरण्यास उत्सुक नाहीत.

चित्र पालटले ते वेगळ्याच दिशेने. २०१२-१३ नंतर शिक्षकांच्या स्वतःच्या खिशात स्मार्टफोन आला. आता किल्ली कोणाकडे मागायची नव्हती. तालुक्या-तालुक्यांत व्हॉट्सॲपचे गट झाले. एकाने कवितेला चाल लावून पाठवली, दुसऱ्याने भागाकाराची चित्रफीत बनवली, तिसरीने विचारले, ‘आवाज नीट येत नाही, काय करू?’ आणि रात्री दहा वाजता चार जिल्ह्यांतून उत्तरे आली. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द याच काळात रुळला. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर एकमेकांच्या शाळा पाहण्याला मोठी गती आली. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथे मोठी यंत्रे नव्हती. फरशीवर रंगवलेल्या आकृत्यांवर, खडे, काड्या, कार्डे घेऊन मुले आपापली शिकत होती. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची डिजिटल शाळा पाहायलाही असेच शिक्षक गेले. परत येताना ते फोटो घेऊन आले आणि आपल्या शाळेत जमेल ते त्यांनी करून पाहिले. ‘आपल्यासारखीच शाळा, आपल्यासारखीच मुले, तिथे होते तर इथे का नाही’ ही ओढ कोणत्याही परिपत्रकात घालता येत नाही.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ते याच हवेत. कल्पना साधी होती. पुस्तक मुलाच्या हातात आहेच, घरात कोणाचा तरी फोन आहे, तर त्या दोहोंना जोडावे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी देशपातळीवर ‘दीक्षा’ सुरू झाले. डिसेंबर २०२० मध्ये डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. शिकलेले वाटून घ्यायचे, या सवयीला ते साजेसेच झाले.

मग २०२० चे वर्ष. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनमध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही घोषणा झाली. साऱ्या शिक्षकांना एकदम, पूर्वतयारीशिवाय, पडद्यावर यावे लागले. त्या दिवसांत मी रोज शिक्षकांशी बोलत होतो. सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य होते, ‘मुलांचे चेहरे दिसत नाहीत, कळलं की नाही कसं समजायचं?’ ॲप कसे उघडायचे, हे आठ दिवसांत सगळ्यांना आले. चेहऱ्याविना शिकवायचे कसे, हा प्रश्न वर्षभर सुटला नाही. तरी वाटा निघाल्या. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. सोलापूरच्या निलमनगर भागात शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, म्हणजे येता-जाता मुले वाचतील. अनेक गुरुजी दुचाकीवर स्वाध्यायाचे कागद बांधून वाड्यावस्त्यांवर फिरले. फोन नसलेल्या मुलासाठी भिंत वापरायची, हा निर्णयही तंत्रज्ञान समजल्याशिवाय घेता येत नाही. साधन कुठे पोचत नाही, हे ज्याला कळते त्यालाच ते खरे कळलेले असते.

मित्रांनो, हा सगळा इतिहास आज सांगण्यामागे एक तातडीचे कारण आहे. मेळाव्यानिमित्त आपल्या तुकडीतर्फे शाळेला भेट द्यायची आहे आणि दोन स्मार्ट बोर्ड द्यावेत, असा विचार बहुतेकांनी मांडला आहे. विचार चांगला आहे, माझा त्याला पाठिंबा आहे. पण आपल्याच गटावर कोणीतरी लिहिले, ‘देऊन काय उपयोग, शिक्षक वापरत नाहीत.’ हे वाचून वाईट वाटले. पेट्यांची सीले, कुलूपबंद संच, चपला बाहेर काढायला लावणाऱ्या खोल्या, यांचा दोष चाळीस वर्षे शिक्षकांच्या पदरात टाकला गेला. तेच आपणही पुढे चालवू नये.

म्हणून माझ्या सूचना अशा. बोर्ड घेण्याआधी दोन-तीन जणांनी शाळेत जावे आणि आजच्या शिक्षकांना विचारावे की कोणत्या वर्गात, कोणत्या विषयाला त्यांना हा हवा आहे. कदाचित ते म्हणतील, दोन ऐवजी एकच द्या आणि उरलेल्या पैशांत इन्व्हर्टर आणि प्रयोगशाळेचे साहित्य द्या. तेही आनंदाने द्यावे. दुसरे, रकमेचा एक भाग दुरुस्ती आणि वीजबिलासाठी वेगळा ठेवावा आणि शाळेला लेखी कळवावे की वापरताना काही बिघडले तर त्याची भरपाई आपली तुकडी करेल. गुरुजींच्या डोक्यावरची ती जुनी भीती काढून टाकणे आपल्याला सहज शक्य आहे. तिसरे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. पहिल्या वर्षी आठवड्यातून एक तासिका शिक्षकांनी एकत्र बसून या आठवड्यात काय करून पाहिले, काय फसले, हे एकमेकांना सांगावे, यासाठी मुख्याध्यापकांना विनंती करावी. त्या तासिकेला वर्ग सांभाळायला आपल्यातले गावात राहणारे आठ-दहा जण आळीपाळीने जाऊ शकतात. बँकेतले, शेतीतले, दवाखान्यातले आपले अनुभव मुलांना सांगू शकतात. माझे नाव पहिल्या सोमवारसाठी मी आत्ताच लिहून ठेवतो.

मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या सभेत हा विषय घेण्याची संयोजकांना विनंती केली आहे. आपल्या बाई आणि सर मंडळी तेव्हा समोर बसलेली असतील. या बाबतीत आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळते. त्यांचे मत आधी ऐकावे आणि मग रक्कम ठरवावी.